सुपारीच्या बेटावरचं बंदर : वाचकांचे प्रश्न

मलेशियातल्या पेनांग बेटावर जॉर्ज टाउन नावाचं जुनं बंदर आहे. गेल्या अंकात त्यावर छोटं टिपण छापलं होतं आणि त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

पेनांग म्हणजे पान का? नावावरून तसं वाटतं. (वाचक, नवी पेठ)

पान नव्हे, सुपारी. मलय भाषेत ‘पिनांग’ म्हणजे सुपारी आणि ‘पुलाउ पिनांग’ म्हणजे सुपारीचं बेट. इंग्रजांनी बेटाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स आयलंड’ असं नाव दिलं होतं, पण ते कागदावरच राहिलं. शहराला मात्र राजा तिसरा जॉर्ज याचं नाव चिकटलं. ज्या भूशिरावर शहर वसलं त्याचं मूळ नाव ‘तांजुंग पेनागा’. पेनागा म्हणजे आपल्या कोकणात ज्याला उंडी म्हणतात ते झाड. जुने मलय लोक अजूनही शहराला नुसतं ‘तांजुंग’ म्हणतात.

इंग्रजांनी हे बेट जिंकलं, विकत घेतलं की फसवून घेतलं? तीन ठिकाणी तीन गोष्टी वाचल्या. (इतिहासाचे शिक्षक, जुळे सोलापूर)

तिसऱ्या शब्दाकडे आमचा कल आहे, पण क्रम बघून तुम्हीच ठरवा.

बेट समोरच्या मुख्य भूमीवरच्या केडा राज्याच्या सुलतानाचं होतं आणि सुलतानाला उत्तरेकडच्या सयामची (आजच्या थायलंडची) धास्ती होती. बेट देण्याच्या बदल्यात त्याला ईस्ट इंडिया कंपनीकडून फौजेचं संरक्षण हवं होतं. फ्रान्सिस लाइट हा जहाजावरचा व्यापारी कंपनीच्या वतीने बोलणी करत होता. संरक्षण मिळेल असं सुलतानाला भासवून लाइट १७ जुलै १७८६ रोजी बेटावर उतरला आणि ११ ऑगस्टला त्याने तिथे निशाण रोवलं. दुसऱ्या दिवशी प्रिन्स ऑफ वेल्सचा वाढदिवस होता, म्हणून बेटाला त्याचं नाव. कलकत्त्याच्या कंपनी सरकारने मात्र संरक्षणाचं वचन कधीच मान्य केलं नाही.

आपण फसलो हे लक्षात आल्यावर सुलतानाने समोरच्या किनाऱ्यावर, प्रायला, फौज आणि होड्या जमवल्या. १७९१ मध्ये लाइटने आधीच हल्ला करून तो जमाव मोडला. त्यानंतरच्या तहात सुलतानाला वर्षाला ६,००० स्पॅनिश डॉलर ठरले. १८०० मध्ये समोरच्या किनाऱ्याची पट्टीही कंपनीने घेतली आणि रक्कम १०,००० झाली. त्या पट्टीला ‘प्रॉव्हिन्स वेलस्ली’ म्हणत. हा वेलस्ली म्हणजे तैनाती फौजेवाला गव्हर्नर जनरल. त्याचा धाकटा भाऊ आर्थर, ज्याने १८०३ मध्ये अहमदनगर आणि असईला शिंदे-भोसल्यांशी लढाई केली, तो १७९७ मध्ये मनिलाच्या मोहिमेवर निघालेला असताना पेनांगला येऊन गेला होता.

१८२१ मध्ये सयामने खरोखरच केडावर चाल केली. कंपनी हात बांधून बसली. सुलतान पळून आश्रयाला आला तो पेनांगलाच.

जंगल लवकर तुटावं म्हणून लाइटने तोफेत चांदीची नाणी भरून झाडीत उडवली, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती दंतकथा म्हणून ऐकावी.

तिथल्या कॉर्नवॉलिस किल्ल्यावर मोठी लढाई झाली होती का? (विद्यार्थी, दयानंद महाविद्यालय परिसर)

एकही नाही. आधी ताडाच्या जातीच्या निबोंग लाकडाचं कुंपण होतं, १८०४ नंतर कैद्यांच्या हातून विटांची भिंत उभी राहिली. आपल्या भुईकोट किल्ल्याशी तुलना केलीत तर निराश व्हाल. पाहण्यासारखी आहे ती ‘सेरी रामबाई’ ही १६०३ सालची डच तोफ. डचांकडून जोहोर, तिथून आचे, मग सेलांगोर आणि १८७१ मध्ये इंग्रजांकडे, असा तिचा प्रवास झाला. मूल व्हावं म्हणून बायका तिच्यावर फुलं वाहत.

सोलापूरचं कापड पूर्वी पेनांगला जात होतं असं एका भाषणात ऐकलं. खरं का? (यंत्रमागधारक, पूर्व भाग)

ज्या काळात पेनांगच्या बाजारात हिंदुस्थानी कापडाची चलती होती, म्हणजे साधारण १७९० ते १८५०, त्या काळात सोलापुरात गिरणी नव्हती. त्या गिरण्या १८७० च्या दशकापासूनच्या. पेनांगला उतरणारं कापड कोरोमंडल किनाऱ्यावरचं होतं आणि ते आणणारे व्यापारी बहुतांशी तमिळ मुसलमान, ज्यांना तिथे ‘चुलिया’ म्हणत. शहरातल्या एका मुख्य रस्त्याचं नाव आजही चुलिया स्ट्रीट आहे. या व्यापाऱ्यांचा पुढारी कादर मोहिद्दीन. कंपनीने त्याला ‘कपितान’, म्हणजे समाजाचा प्रमुख, नेमलं आणि १८०१ मध्ये त्याच्या पुढाकाराने जी मशीद उभी राहिली ती ‘कपितान केलिंग’ मशीद. ‘केलिंग’ हा शब्द ‘कलिंग’वरून आला. हिंदुस्थानी माणसाला मलय मुलखात सरसकट केलिंग म्हणत. आज कुणाला समोरासमोर तसं म्हटलं तर तो अपमान समजला जातो, एवढं लक्षात ठेवा.

कापडाचा नसला तरी मुंबई इलाख्याचा एक संबंध आहे, फारसा अभिमानाचा नाही. १८०५ मध्ये पेनांगला बंगाल, मद्रास, मुंबई यांच्या बरोबरीने चौथ्या इलाख्याचा दर्जा मिळाला. (तो १८३० मध्ये काढून घेतला. तोवर सिंगापूर पुढे गेलं होतं.) मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या इंग्रज वसाहतींचा कारभार १८६७ पर्यंत हिंदुस्थानातून चाले, त्यामुळे काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी अंदमानच्या आधी पेनांग, मलाक्का, सिंगापूर इथे पाठवत. त्यात मुंबई इलाख्यातलेही असत. रस्ते, गटारं, पूल आणि १८१८ मध्ये पूर्ण झालेलं सेंट जॉर्ज चर्च या कैद्यांच्या घामाचं आहे.

आणि दोन शब्द. जुन्या शहरातला रस्ता समुद्राला भिडतो त्या शेवटच्या तुकड्याला तिथे ‘गाट’ म्हणतात. चुलिया गाट, चर्च स्ट्रीट गाट. हा आपला घाट, नदीवरचा. दुसरा ‘नासी कांदार’. भात आणि चार-पाच रश्शांचं हे जेवण तमिळ मुसलमान फेरीवाले खांद्यावरच्या काठीला दोन टोपल्या अडकवून विकत. कांदार म्हणजे ती काठी. सिद्धेश्वराला पाणी नेणारा माणूस तिला कावडच म्हणेल.

जगाचा वारसा म्हणून निवड व्हावी इतक्या जुन्या इमारती तिथे टिकल्या आणि आपल्याकडे वाडे पडतात. तिथल्या लोकांना जास्त जाण आहे म्हणायची का? (वाडामालक, शुक्रवार पेठ)

जाणीव नंतर आली. इमारती टिकल्या त्या भाडेकायद्यामुळे.

मलेशियात १९६६ चा भाडेनियंत्रण कायदा होता आणि तो १९४८ च्या आधी बांधलेल्या इमारतींना लागू होता. जॉर्ज टाउनचा गाभा जवळपास सगळा त्याआधीचा. भाडं गोठलेलं, भाडेकरू काढता येत नाही, पाडून नवं बांधता येत नाही. मालकाला ना दुरुस्तीत फायदा ना पाडण्यात. म्हणून घरं गळत राहिली, पण उभी राहिली. खाली टपऱ्या, सुतार, अगरबत्तीवाले, वर तीन-तीन कुटुंबं. मुंबईत ज्याला पागडी म्हणतात तसा व्यवहारही तिथे चाले.

दुसरं कारण पैशाने रस्ता बदलला हे. १९६९ मध्ये पेनांग बंदराची करमुक्त बंदराची सवलत गेली. बेरोजगारी वाढली. सरकारने १९७२ मध्ये बेटाच्या दक्षिणेला, विमानतळाजवळ बायान लेपासला निर्यात कारखान्यांचा पट्टा काढला आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने तिथे गेले. नवा पैसा, नव्या वसाहती जुन्या शहराबाहेर वाढल्या. जुन्या शहरावर उंच इमारतींची धाड पडायला हवी होती त्या वीस वर्षांत ती दुसरीकडे पडली.

कायदा १ जानेवारी २००० पासून रद्द झाला. (आपला १९४७ चा मुंबई भाडे कायदा जाऊन नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तो ३१ मार्च २०००. तीन महिन्यांचं अंतर! पण आपल्याकडे जुन्या भाडेकरूंचं संरक्षण चालू राहिलं आणि तिथे ते संपलं.) भाडी कित्येक पटींनी वाढली, पिढ्यान्‌पिढ्यांचे भाडेकरू आणि कारागीर बाहेर पडले, घरं रिकामी झाली. रिकाम्या घरांत काहींनी पाकोळ्या पाळल्या. त्यांच्या लाळेच्या घरट्यांना चिनी बाजारात मोठा भाव असतो. त्यासाठी खिडक्या बुजवून आत कायम दमट हवा ठेवतात. लाकूड आणि चुना यांची वाट लावायचा याहून खात्रीचा उपाय नाही. शेवटी वारसाक्षेत्रात त्याला मनाई करावी लागली.

७ जुलै २००८ रोजी मलाक्का आणि जॉर्ज टाउन या दोन शहरांची युनेस्कोच्या यादीत एकत्र नोंद झाली. जॉर्ज टाउनचा गाभा १०९.३८ हेक्टर आणि भोवतालचा राखीव पट्टा १५०.०४ हेक्टर. लगेच कसोटी लागली ती आधीच परवानगी दिलेल्या उंच हॉटेलांवरून, कारण क्षेत्रातली उंचीची मर्यादा १८ मीटर आहे. आता इमारती रंगवलेल्या, सुबक आहेत, खाली कॉफीची दुकानं आणि वर पाहुण्यांच्या खोल्या. राहणारी माणसं कमी. यादीत ज्या ‘नांदत्या वारशा’साठी नाव गेलं तोच पातळ होत चालला आहे, अशी टीका तिथले लोकच करतात आणि ती रास्त आहे.

त्या दुकान-घरांची रचना आपल्या पेठेतल्या घरांसारखी वाटते. नेमका फरक काय? (वास्तुकलेची विद्यार्थिनी, होटगी रोड)

साम्य आहे: खाली दुकान, वर घर, पुढे अरुंद आणि मागे लांबलचक. तिथल्या घराची रुंदी साधारण साडेपाच-सहा मीटर, कारण आडव्या लाकडी तुळईचा आवाका तेवढाच. मागपर्यंतची लांबी मात्र वीस-तीस मीटर किंवा जास्त. शेजारच्या दोन घरांत सामाईक विटांची भिंत. तुळया तिच्यावर टेकतात, म्हणून एक घर निष्काळजीपणे पाडलं की शेजारचं हादरतं.

इतक्या लांब घराच्या पोटात उजेड-वारा यावा म्हणून मध्ये उघडा चौक असतो, आपल्या वाड्याच्या चौकाचा लहान भाऊ. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीखालच्या नाळीने रस्त्याच्या गटाराला जातो. लोक हा चौक पत्र्याने झाकतात तिथून बिघाडाला सुरुवात होते. गरम हवा कोंडते, ओल वाळत नाही आणि तुळयांना वाळवी लागते.

खरा फरक पुढच्या बाजूला. प्रत्येक घर तळमजल्यावर सुमारे पाच फूट आत घेतलेलं असतं आणि वरचा मजला त्या पट्ट्यावर येतो, त्यामुळे अख्ख्या रस्त्याला सलग छपराची पायवाट मिळते. मलयमध्ये ‘काकी लिमा’, म्हणजे पाच फूट. सिंगापूरची आखणी करताना कंपनीचा अधिकारी रॅफल्स याने १८२२ मध्ये ही सक्ती केली आणि मग ती सामुद्रधुनीच्या शहरांत पसरली. (रॅफल्सची पूर्वेकडची नोकरी सुरू झाली ती १८०५ मध्ये पेनांगलाच.) जागा मालकाची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. साहजिकच दोनशे वर्षं तिच्यावरून भांडणं चालू आहेत. नवी पेठेत दुकानाची पायरी आणि ओटा यांवरून होतात तशीच.

‘निळा वाडा’ म्हणून प्रसिद्ध घराचा फोटो पाहिला. तसा रंग आमच्या जुन्या घराला देता येईल का? सिमेंटचा गिलावा चार वर्षांत फुगून पडतो आहे. (वाचक, साखर पेठ)

तो वाडा चॉंग फात त्झे या चिनी व्यापाऱ्याचा, लीथ स्ट्रीटवरचा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा: ३८ खोल्या, ५ चौक, ७ जिने, २२० खिडक्या. निळा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली नीळ, आणि ती नीळ हिंदुस्थानातून गेलेली. तिथे ती शोभेपुरती नव्हती. चुन्याची सफेदी भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देते. दमट हवेत भिंत जगते ती त्यामुळे.

तुमचा गिलावा फुगतो त्याचं कारणही तेच, उलट बाजूने. जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंटने तो मार्ग बंद होतो. ओल वर चढते, तिच्यातले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होतात आणि ते फुगले की गिलावा सुटतो. पुन्हा सिमेंट मारलं तर ओल आणखी दोन फूट वर जाईल.

रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून येतं ते शोधा: फुटलेली पन्हाळ, न्हाणीचा पाइप, आणि सोलापुरात हमखास, डांबरीकरणावर डांबरीकरण होऊन जोत्याच्या वर आलेला रस्ता. ते थांबवल्याशिवाय चुन्यालाही हात लावू नका. मग सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत छिन्नी-हातोडीने उतरवा. यंत्राने फोडलात तर विटांचे कोपरे जातात. भिंत उघडी ठेवा. ढोबळ हिशेब असा की जाडीच्या एका इंचाला एक महिना. दोन फुटी भिंतीला पूर्ण वाळायला दोन वर्षं लागतील. तेवढं थांबणं जमत नाही, पण एक अख्खा उन्हाळा तरी द्या. वर आलेला पांढरा खार कोरड्या कुंच्याने झाडा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो. खार फार असेल तर कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात भिजवून भिंतीवर थापा, पूर्ण वाळल्यावर काढून फेका, दोन-तीनदा करा.

चुना कळीचाच घ्या, पुडीतला भुकटीचा नको. लोखंडी पिंपात पाणी आधी, कळ्या मागून थोड्या थोड्या. उलट केलंत तर उकळी अंगावर येते. डोळ्यांवर चष्मा हवाच. विरलेला चुना जाळीतून गाळून पाण्याखाली किमान तीन महिने ठेवा. घाईत वापरला तर न विरलेले कण मागाहून भिंतीत फुलतात आणि गिलाव्याला खळगे पडतात.

गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग धुतलेली जाडसर वाळू. जोत्याजवळच्या ओलसर पट्ट्यात वाळूच्या निम्म्या भागाऐवजी बारीक सुरखी (विटेची पूड) घाला, म्हणजे ओलीतही घट्ट होतो. एक थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. भिंत आधी भिजवा, थर घट्ट झाला की पुढचा, आणि वर आठ-दहा दिवस ओली पोती. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून होतो आणि त्याला ओलावा लागतो. म्हणून सोलापुरात हे काम पाऊस संपल्यावर ते जानेवारीपर्यंत करा. एप्रिल-मेमध्ये केलेला गिलावा बोटाने खरवडला की पीठ पडतं. आणि तुमची भिंत पांढऱ्या मातीची असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. मातीवर चुन्याचा जाड गिलावा धरत नाही, आधी माती-भुशाचा थर हवा.

आता निळा. चुना दुधाइतका पातळ करा, भिंत ओलसर करून चार-पाच हात द्या, दोन हातांत एक दिवस. पहिला हात ओला असताना जवळजवळ दिसतच नाही. घाबरून दाट केलात तर सोलपटं निघतील. रंगद्रव्य चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. झाडापासूनची नीळ महाग पडते. किराणा दुकानात कपड्यांसाठी मिळणारी नीळ भुकटी चुन्यात टिकते. आपल्याकडे सफेदीत ती चिमूटभर घालतातच, तुम्ही जास्त घालायची इतकंच. सगळा रंग एकाच वेळी कालवा, कारण दुसरा घाणा तसाच कधी येत नाही. वरून प्लास्टिक पेंट मारला की केलं ते सगळं फुकट.

समुद्रावर खांबांवर घरं आहेत म्हणे. ती कुणाची? (गृहिणी, अक्कलकोट रोड)

चीनच्या फुजियानमधून आलेल्या हमाल, होडीवाल्या कुटुंबांची. एका धक्क्यावर एकाच आडनावाची भावकी: चिऊ, लिम, तान, ली, यो. एक धक्का मिश्र आडनावांचा. आज सहा उरले आहेत, एक २००६ मध्ये पाडला गेला. घरं पाण्यावर असल्याने जमिनीचा सारा लागत नसे. चिनी नववर्षाच्या नवव्या दिवशी चिऊ धक्क्यावर रात्रभर पूजा असते आणि मांडवाला उसाची कांडी बांधतात. त्यांचे पूर्वज शत्रूपासून उसाच्या फडात लपून वाचले अशी समजूत आहे.

आपल्या डॉ. कोटणीसांची आणि पेनांगचे प्लेगवाले डॉ. वू यांची चीनमध्ये भेट झाली होती का? (निवृत्त परिचारिका, भैय्या चौक)

चीनमध्ये तरी नाही. वू लिएन-ते पेनांगला १८७९ मध्ये जन्मले. डिसेंबर १९१० मध्ये ते हार्बिनला फुप्फुसाच्या प्लेगशी लढायला गेले आणि त्यांनी कापूस-जाळीच्या पट्टीचा मुखपट्टी म्हणून वापर सक्तीचा केला. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरला जन्मले तेही त्याच १९१० मध्ये, ऑक्टोबरात. जपानी आक्रमणामुळे वू १९३७ मध्ये मलायाला परतले, कोटणीस १९३८ मध्ये चीनला पोचले. एक वर्षाने चुकामूक.

एकच दिवस हाताशी आहे. काय बघावं, कोणत्या क्रमाने? (दोन पत्रं, विजापूर रोड व सात रस्ता)

सकाळी आठच्या आत किल्ल्यापासून निघा. अकरानंतर उन्हाचा चटका नाही, पण दमट हवेने माणूस थकतो. सेंट जॉर्ज चर्चवरून पुढे मशिदीच्या रस्त्याला लागा. त्याचं जुनं नाव पिट स्ट्रीट. याच टापूत कुआन यिनचं चिनी देऊळ, मागच्या क्वीन स्ट्रीटवर १८३३ चं महामारिअम्मन देऊळ आणि कपितान केलिंग मशीद अशी चालत पाच-सात मिनिटांच्या अंतराने आहेत. अम्मनचं देऊळ दुपारी बंद असतं, म्हणून ते आधी. मशिदीत शुक्रवारी दुपारी जाऊ नका आणि गुडघे-खांदे झाकलेले हवेत. दुपारी खू कोंग्सी, खू भावकीचं कुलमंदिर. आधीची वास्तू १९०१ मध्ये जळाली, आजची १९०६ ची. तिकीट आहे. तिथून आर्मेनियन स्ट्रीट. १२० क्रमांकाच्या घरातून चिनी क्रांतीचे पुढारी सुन यत-सेन यांनी १९१० मध्ये उठावाची आखणी केली. भिंतीवरच्या सायकलच्या चित्रापुढे रांग असेल, ती चुकवलीत तरी चालेल.

पत्ता विचारताना दोन्ही नावं लिहून ठेवा, कारण पाट्यांवर मलय आणि लोकांच्या तोंडी इंग्रजी. लेबुह, जालान म्हणजे रस्ता, लोरोंग म्हणजे बोळ. बीच स्ट्रीटवर समुद्र शोधू नका. १८८० च्या दशकात भराव टाकून किनारा पुढे सरकवला, तेव्हापासून पाणी तिथून दोन रस्ते पलीकडे आहे. तिथवर गेलात की ‘वेल्ड की’ नावाचा किनाऱ्याचा रस्ता लागतो आणि उजवीकडे चिऊ धक्का. संध्याकाळी पाचनंतर जा. लोक राहती घरं आहेत, उंबऱ्यातून आत फोटो काढू नका.

भारतीयांना सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ही सवलत मुदतीची आहे, तिकीट काढण्याआधी ताजी स्थिती बघा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन पत्रक भरावं लागतं. ते मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस फार. डिसेंबर ते फेब्रुवारी बरे, म्हणजे गड्ड्याची जत्रा आटोपून निघालात तरी वेळ जमतो.